रक्तदाब वाढला कुठे आणि सापडला कुठे

दिल्लीत आर. के. पुरमच्या सेक्टर १ मध्ये ‘वेस्ट ब्लॉक’ या सामायिक नावाच्या सरकारी इमारती आहेत. त्यांपैकी आठव्या ब्लॉकमध्ये सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे मुख्य खंडपीठ बसते. २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले आणि ऑगस्ट २००९ पासून प्रत्यक्ष काम करू लागलेले हे न्यायाधिकरण सैनिकांच्या सेवाविषयक तक्रारी ऐकते. बढती, शिस्तभंग, निवृत्तिवेतन असे नाना विषय तेथे येतात. पण एक प्रश्न वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा उभा राहतो. सैन्यात दाखल होताना सर्व तपासण्यांत निरोगी ठरलेला माणूस निवृत्तीच्या वेळी उच्च रक्तदाबाचा रुग्ण असेल, तर त्याचे उत्तरदायित्व सेवेचे, की त्याच्या राहणीचे आणि वयाचे?

१ जुलै २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने, न्यायाधिकरणाने सैनिकांच्या बाजूने दिलेल्या आदेशांविरुद्ध केंद्र सरकारने केलेल्या सुमारे ३०० याचिका एकाच निकालाने फेटाळल्या. ‘विकाराचा उगम शांतता क्षेत्रात झाला’ किंवा ‘हा जीवनशैलीचा आजार आहे’ एवढे लिहून वैद्यकीय मंडळाला दावा नाकारता येणार नाही, कारणे द्यावी लागतील, असा त्या निकालाचा आशय. वर्तमानपत्रांनी ही बातमी कायद्याच्या पानावर छापली. माझ्या मते ती विज्ञानाच्या पानावर यायला हवी होती. कारण वादाच्या मुळाशी कायद्याइतकाच मापनाचा प्रश्न आहे, आणि तो आपल्यापैकी प्रत्येकाने महाविद्यालयातील पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत कधी ना कधी हाताळलेला आहे.

आधी नियम पाहू. लष्करी वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी जी मार्गदर्शिका आहे, तिच्या २००८ च्या आवृत्तीत प्राथमिक उच्च रक्तदाबाविषयी स्वतंत्र परिच्छेद आहे. हा विकार सेवेमुळे उद्भवला असे कधीही मानू नये. मात्र तो फील्ड क्षेत्रात, अतिउंच प्रदेशात, बंडखोरीविरोधी मोहिमेत किंवा जहाजावरील प्रदीर्घ सेवेत असताना उद्भवला, तर सेवेमुळे तो बळावला असे मानावे, असे त्याचे सूत्र. विकार उद्भवला त्या वेळी सैनिक पुणे, मेरठ किंवा सिकंदराबादसारख्या शांतता क्षेत्रात असेल, तर बहुधा दोन्ही रकान्यांत ‘नाही’ लिहिले जाते. मंडळाच्या नमुन्यात विकाराच्या उगमाची तारीख आणि त्या वेळी सैनिक ज्या ठिकाणी, ज्या युनिटमध्ये होता ते लिहिण्यासाठी जागा असते. तिथे प्रत्यक्षात लिहिली जाते ती पहिल्या निदानाची तारीख. उगम आणि निदान या दोन भिन्न घटनांना एकच समजण्याची ही चूक पुढच्या सगळ्या वादाची जननी आहे.

हाड मोडल्याची तारीख असते. रक्तदाबाला तशी तारीख नसते. रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड आणि ताठ होणे, मूत्रपिंडाने क्षारांचा समतोल वरच्या पातळीवर राखू लागणे, अनुकंपी चेतासंस्था सतत सज्ज राहणे या वर्षानुवर्षे चालणाऱ्या प्रक्रिया आहेत. त्यांतून एक सरासरी हळूहळू वर सरकते. त्या सरासरीभोवती तासातासाला, दिवसादिवसाला आकडा हेलकावे खात असतो. आपण १४०/९० ही रेषा ओढली आहे ती व्यवहाराच्या सोयीसाठी. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१७ मध्ये तीच रेषा १३०/८० वर आणली, आणि एका दिवसात कोट्यवधी माणसे रुग्ण झाली, त्यांच्या रक्तात काहीही न बदलता.

हेलकाव्यांचा हिशेब करून पाहा. समजा, एका सुभेदाराचा वरचा आकडा सरासरी १३६ आहे आणि वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या नोंदींचे प्रमाण विचलन १० आहे. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण ते अवास्तव नाहीत. एका यादृच्छिक नोंदीत १४० किंवा त्याहून अधिक येण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के निघते. दरवर्षी एक याप्रमाणे दहा वर्षे स्वतंत्र नोंदी घेतल्या, तर त्यांपैकी एकदाही रेषा न ओलांडण्याची शक्यता दीड टक्क्याहून कमी. म्हणजे ज्याच्या प्रकृतीत दहा वर्षांत तसूभर फरक पडलेला नाही, तो माणूसही कधी तरी ‘सापडणार’ हे जवळजवळ निश्चित. कुठे सापडेल? जिथे त्याचे अधिक वेळा मोजमाप होईल तिथे. आणि शांतपणे खुर्चीत बसवून तपासणी करण्याची सोय चौकीपेक्षा छावणीच्या रुग्णालयात अधिक असते. प्रत्यक्षात एका नोंदीवर कोणाला रुग्ण ठरवत नाहीत; फेरतपासणी होते, काही वेळा रुग्णालयात ठेवून निरीक्षण होते. पण ती सारी साखळी सुरू होते पहिल्या ओलांडलेल्या रेषेपासून, आणि नमुन्यात ठिकाण लिहिले जाते तेही त्याच सुमाराचे.

पद्धतशीर त्रुटी तर याहून खोडकर. हृदयाच्या पातळीपेक्षा हात दहा सेंटिमीटर खाली लोंबकळत असेल, तर रक्तस्तंभाच्या वजनामुळेच आकडा सुमारे ८ मिलिमीटर पाऱ्याने वाढतो; रक्ताची घनता, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार करून कोणीही हे ताडून पाहावे. पिळदार दंडावर लहान मापाची पट्टी बांधली की आकडा फुगतो, आणि सैन्यात पिळदार दंडांची वाण नाही. पाठीला टेका नसणे, मूत्राशय भरलेला असणे, मोजताना बोलत राहणे, नुकतीच धाव संपवून येणे या सर्वांची भर पडते. शिवाय डॉक्टरसमोर रक्तदाब चढतो, हे तर सर्वज्ञात आहे.

सैन्यात मात्र डॉक्टरच्या पांढऱ्या कोटाबरोबर आणखी एक गोष्ट समोर उभी असते: वैद्यकीय श्रेणी. मन, श्रवण, अवयव, शारीरिक क्षमता आणि दृष्टी या पाच घटकांची ही श्रेणी ‘शेप’ या नावाने ओळखली जाते. पाचांतही पहिला क्रमांक म्हणजे ‘शेप वन’. रक्तदाब सापडला की शारीरिक क्षमतेचा आकडा एकावरून दोनवर जातो, प्रथम चोवीस आठवड्यांसाठी तात्पुरता, नंतर बहुधा कायमचा. त्यावर बढती, अभ्यासक्रम, काही नेमणुका, कराराची मुदतवाढ अवलंबून असते. तेव्हा तपासणीच्या सकाळी हाताला घाम सुटणारा जवान दुबळा नसतो. त्याच्या दृष्टीने ती मुलाखतच असते. या परिस्थितीचा तर्कशुद्ध परिणाम असा, की नोकरीच्या मध्यावर रक्तदाब लपवण्याकडे कल राहतो. बाहेरच्या औषधदुकानातून गुपचूप गोळी घेणे, तपासणीच्या आठवड्यात मीठ सोडणे, वर्षभर दुर्लक्ष करणे, सगळे त्यात आले. निवृत्तीच्या वेळी हेच गणित उलटे होते. आता नोंद नसणे तोट्याचे, असणे लाभाचे. एकच भौतिक राशी, एकच उपकरण, एकच माणूस; पण कारकिर्दीच्या दोन टोकांना प्रोत्साहनाचे चिन्ह विरुद्ध. असे मापन कोणत्याही प्रयोगशाळेत बाद ठरेल. मी येथे सैनिकांच्या प्रामाणिकपणाविषयी काही सुचवत नाही. मापनाला बक्षीस आणि शिक्षा बांधली की ते मापन राहत नाही, एवढेच म्हणतो. भौतिकशास्त्रज्ञही आपल्या अनुदानाचा निर्णय ज्या आकड्यावर आहे तो आकडा फारशा तटस्थपणे वाचत नाहीत.

आता सेवेचा परिणाम होतो की नाही, हा खरा शास्त्रीय प्रश्न. उंचीविषयी आपल्याला बरेच माहीत आहे. ५४०० मीटरच्या आसपास हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. ऑक्सिजन घटल्याचे मानेतील रासायनिक संवेदकांना कळते, अनुकंपी चेतासंस्था खवळते, हृदयाचे ठोके आणि रक्तवाहिन्यांचा रोध वाढतो. एव्हरेस्टच्या पायथ्याच्या तळापर्यंत स्वयंसेवकांना नेऊन केलेल्या इटालियन गटाच्या अभ्यासात (प्रसिद्धी २०१४) चोवीस तासांचा सरासरी रक्तदाब उंचीबरोबर चढत गेला आणि तिथल्या मुक्कामात चढाच राहिला. टेल्मिसार्टन हे औषध ३४०० मीटरवर उपयोगी पडले, ५४०० वर नाही. भारतीय सैन्याचे तर या विषयाशी जुने नाते. १९६२ नंतर हिमालयात घाईने चढवलेल्या तुकड्यांतील १,९२५ सैनिकांवरील निरीक्षणे इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केली. उंचीच्या आजारावरील तो पायाभूत निबंध आहे. १९९० मध्ये सहा हजार मीटरच्या आसपास महिनोन्‌महिने तैनात राहिलेल्या २१ जवानांमध्ये हृदयाची उजवी बाजू निकामी होऊ लागल्याचे वर्णन ‘लॅन्सेट’मध्ये आले. तो फुप्फुसातील रक्तदाब, आपण बोलतो आहोत तो सर्वांगाचा. या दोहोंत गल्लत नको. पण उंची रक्ताभिसरणाला किती हलवून सोडते याचा तो पुरावा आहेच. १९८४ च्या एप्रिलपासून सियाचीनवर आपण कायम माणसे ठेवली आहेत, हे लक्षात घ्यावे.

गोळीबाराच्या ताणाविषयी पुरावा अधिक गुंतागुंतीचा आणि म्हणूनच मनोरंजक. अमेरिकेच्या ‘मिलेनियम कोहॉर्ट’ अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. ज्यांनी प्रत्यक्ष लढाईचे अनेक अनुभव घेतले, त्यांच्यात नव्याने उच्च रक्तदाब आढळण्याची शक्यता, रणभूमीवर गेलेल्या पण लढाई न पाहिलेल्यांच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशाने अधिक होती. पण गंमत अशी, की रणभूमीवर गेलेले सैनिक घरी राहिलेल्यांपेक्षा एकंदरीत निरोगी निघाले. कारण पाठवलेच जातात ते धडधाकट! या निवडीच्या परिणामाकडे दुर्लक्ष करून कोणी ‘सीमेवरच्या जवानांत रक्तदाब कमी, म्हणून सेवा निर्दोष’ असे म्हटले, तर ते संख्याशास्त्राचे हसे होईल. आणि शांतता क्षेत्र म्हणजे विश्रांती, हेही नागरी माणसाचे स्वप्नरंजन. रात्रपाळीचा पहारा, कुटुंबापासूनचे अंतर, अचानक निघणारे आदेश, सतत बदलणारी शाळा आणि घरे तिथेही आहेत. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत दहा ते वीस टक्के उतरतो. ज्याची झोप वर्षानुवर्षे तुकड्यातुकड्यांची, त्याचा तो उतार हरवतो.

विरुद्ध बाजूचा युक्तिवादही दमदार आहे आणि तो झटकून टाकू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत पंधरा वर्षांवरील पुरुषांत २४ टक्क्यांना उच्च रक्तदाब आढळला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मधील मोठ्या अभ्यासात प्रौढांतील प्रमाण ३५.५ टक्के होते. बँकेत, शेतात, रिक्षात, प्रयोगशाळेत माणसांचा रक्तदाब वाढतोच आहे; मग गणवेशातला तेवढा भरपाईपात्र का? कॅगने आपल्या अहवालात अधिकाऱ्यांमध्ये अपंगत्वासह निवृत्त होणाऱ्यांचे प्रमाण जवानांपेक्षा लक्षणीय अधिक असल्याचे आणि त्यात जीवनशैलीच्या आजारांचा वाटा असल्याचे दाखवले आहे. आणखी एक गोष्ट मला स्वतःला खटकते. प्राथमिक उच्च रक्तदाबाचे अपंगत्व सर्रास ३० टक्के धरले गेले; सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानंतर पन्नासच्या खालचे प्रमाण वर उचलून ५० टक्के मानले जाते. रोज एक गोळी घेऊन टेनिस खेळणारा अधिकारी आणि सुरुंगाने पाऊल गेलेला शिपाई या मापपट्टीवर शेजारी येऊन बसू शकतात. हे पाहून ज्याला अस्वस्थ वाटत नाही, त्याच्या न्यायबुद्धीला काय म्हणावे?

परंतु ही अस्वस्थता मापपट्टीविषयी आहे, कारणमीमांसेविषयी नाही. भरपाई जास्त वाटते म्हणून ‘तुझा रक्तदाब पुण्यात सुरू झाला’ असे खोटे विज्ञान लिहिणे हा उपाय नव्हे. मापपट्टी बदलायची तर उघडपणे बदलावी: हृदय, मूत्रपिंड, डोळ्याचा पडदा, मेंदू यांना किती इजा झाली यावर टक्केवारी ठरवावी, नुसत्या नियंत्रित आकड्याला औषध, तपासणी आणि अल्प रक्कम द्यावी. केंद्राने सप्टेंबर २०२३ मध्ये नवे पात्रता नियम आणले, माजी सैनिकांनी त्यांना कडाडून विरोध केला. तो वाद रकमेचा आहे, तर रकमेचाच राहू द्यावा.

एका विशिष्ट माणसाचा रक्तदाब सेवेने वाढला की वयाने, हे कोणतेही यंत्र सांगू शकत नाही. ‘इतके टक्के वाटा सेवेचा’ हे विधान समूहाविषयी अर्थपूर्ण असते. व्यक्तीला लावले की ते निरर्थक होते, जसे एका रेणूचे तापमान. म्हणून अज्ञानाचा भार कोणी वाहायचा, एवढाच निर्णय शिल्लक राहतो, आणि तो धोरणाचा आहे. २ जुलै २०१३ च्या धरमवीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो सैनिकाच्या पारड्यात टाकला: भरतीच्या वेळी नोंद नसेल तर नंतरचा बिघाड सेवेमुळे मानावा, आणि नाकारायचे तर मंडळाने कारणे लिहावीत. त्या प्रकरणात विकार झटक्यांचा होता, पण तत्त्व सर्वत्र लागू झाले. अमेरिकेने २०२२ मध्ये व्हिएतनाममध्ये ‘एजंट ऑरेंज’च्या संपर्कात आलेल्या सैनिकांच्या उच्च रक्तदाबाबाबत असेच गृहीतक कायद्यात घातले. निर्णय धोरणाचा असल्याचे मान्य केले की वैद्यकीय मंडळाला नसलेली निश्चितता दाखवावी लागत नाही.

या वादात एक विसंगती मला विशेष टोचते. उच्च रक्तदाबावर उपचार केल्याने माणसे वाचतात, हे जगाला नि:संशय पटवून दिले ते माजी सैनिकांनीच. एप्रिल १९४५ मध्ये रूझवेल्ट मेंदूतील रक्तस्रावाने गेले, तेव्हा डॉक्टरांच्या हाती धड औषध नव्हते. आदल्या वर्षीच त्यांचा रक्तदाब १८६/१०८ नोंदवला गेला होता. त्यानंतर चारच वर्षांनी, १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीची रुग्णांवरील चाचणी ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केली आणि आपल्या वैदूंची जुनी मुळी आधुनिक वैद्यकात शिरली. त्या मुळीतून निघालेले रिसर्पिन हे १९६७ मध्ये एडवर्ड फ्रीस यांच्या चाचणीतील तीन औषधांपैकी एक होते. अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील १४३ पुरुष. खालचा आकडा ११५ ते १२९. निम्म्यांना औषधे, निम्म्यांना निष्क्रिय गोळ्या. निष्क्रिय गोळ्यांच्या गटात २७ गंभीर घटना घडल्या, औषधांच्या गटात २. आज गल्लीतील दवाखान्यातून कोणालाही रक्तदाबाची गोळी मिळते, तिच्यामागे या १४३ माणसांची शिस्त आहे. सैनिकाचे शरीर विज्ञानाला पुरावा म्हणून चालते. मग सैनिकाच्या स्वतःच्या दाव्यात पुराव्याची गुणवत्ता इतकी सुमार का असावी?

उपचाराचा भाग खरे तर सोपा आहे, निदान कागदावर. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने सुरुवातीलाच महाराष्ट्रात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे घेतले. ठरावीक औषधक्रम, मोफत गोळ्या, प्रत्येक रुग्णाची नोंद, एवढ्यावर तो उभा आहे. साताऱ्याने आणि सिंधुदुर्गाने सैन्याला किती माणसे दिली हे वेगळे सांगायला नको. लष्कराकडे तर याहून भक्कम यंत्रणा आहे. फक्त तिथे औषध निवडताना भूगोल पाहावा लागतो: वाळवंटातील उन्हात मूत्रल गोळी शरीर कोरडे करू शकते, चढावर हृदयाची गती बांधून ठेवणारे औषध जवानाचे पाय जड करते. खाण्यातले मीठ हा आणखी एक विषय. उंचावर ताजी भाजी दुर्मीळ, डबाबंद अन्न सहज. त्यात मीठ भरपूर. दिल्लीच्या तिमारपूरमधील डिपास ही संरक्षण संशोधन संघटनेची संस्था सैनिकांच्या शरीरक्रियाशास्त्रावर काम करते, पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय १९४८ पासून डॉक्टर घडवते. माणसे आणि बुद्धी यांची उणीव नाही.

उणीव आहे ती मोजण्याच्या व्यवस्थेची. भरतीच्या वेळी आणि प्रत्येक मोठ्या नेमणुकीच्या आधी व नंतर चोवीस तास दंडावर राहणाऱ्या यंत्राने नोंद घ्यावी. सोळा स्वतंत्र नोंदींची सरासरी घेतली तर वरच्या उदाहरणातील विचलन १० वरून अडीचवर येते आणि १३६ सरासरीचा सुभेदार चुकून रेषेपार जाण्याची शक्यता ३४ टक्क्यांवरून साडेपाच टक्क्यांवर उतरते. चोवीस तासांतील नोंदी पूर्णतः स्वतंत्र नसतात, त्यामुळे लाभ थोडा कमी होईल. तरी तो मोठाच असेल. खोलीत कोणी नसताना यंत्राने आपोआप घ्यायची नोंद तर स्वस्तातली. आणि गोळीवर नियंत्रित असलेल्या जवानाची श्रेणी, नेमणूक फारच प्रतिकूल नसेल तर, पहिल्या क्रमांकावरच ठेवावी. म्हणजे लपवण्याचे मुख्य कारण संपेल. याला लष्करी डॉक्टरांचा आक्षेप असू शकतो, कारण नियंत्रित रक्तदाबाचा माणूस अतिउंचीवर पाठवायचा की नाही हे त्यांना ठरवायचे असते. तो निर्णय त्या नेमणुकीपुरता घ्यावा, संपूर्ण कारकिर्दीवर शिक्का मारून नव्हे.

राहिला तो नमुन्यातील रकाना. जे राशीमान कधी तरी रेषा ओलांडते, पण केव्हा ते दिसत नाही, त्याच्यासाठी संख्याशास्त्रात जुनी, साधी पद्धत आहे: घटना दोन निरीक्षणांच्या मधल्या काळात घडली एवढेच लिहायचे. उगमाची तारीख आणि ठिकाण यांऐवजी ‘शेवटची सामान्य नोंद केव्हा व कुठे’ आणि ‘पहिली असामान्य नोंद केव्हा व कुठे’ असे दोन रकाने छापावेत, आणि त्या दोहोंच्या मधल्या सर्व नेमणुका शेजारी लिहाव्यात. २०१४ मध्ये लेहला सामान्य, मग द्रास, मग कुपवाडा, आणि २०१९ मध्ये पुण्यात १५०/९६: अशी नोंद समोर आली, तर वेस्ट ब्लॉकमधील न्यायाधीशांना निदान काय विचारायचे आहे ते कळेल.